डोक्यावरचं डांबर

घराला छप्पर असतं, ही गोष्ट मला घर घेतल्यावर बऱ्याच वर्षांनी कळली. घर बघायला गेलो तेव्हा बायकोनं स्वयंपाकघर बघितलं, मुलीनं स्वतःची खोली बघितली, मी गॅरेज बघितलं आणि बँकेनं माझा पगार बघितला. वर कोणीच बघितलं नाही. डॅलसच्या उत्तरेला उपनगरं मैलोन्‌मैल पसरत गेली आहेत, त्यांतल्या एका वस्तीत आम्ही राहतो. इथली सगळी घरं एकाच विटेची, एकाच उंचीची आणि एकाच रंगाच्या छपराची. त्या रंगाचं नाव 'वेदर्ड वुड', म्हणजे ऊनपावसानं विटलेलं लाकूड. हजारो डॉलर मोजून नवं छप्पर घालायचं आणि ते पहिल्या दिवसापासून जुनं दिसावं अशी सोय करायची, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं.

छप्पर कशाचं आहे, हे पहिल्यांदा विचारलं ते बाबांनी. आईबाबा मार्चअखेर आले होते. बाबांची सगळी नोकरी रस्त्यांच्या डांबरीकरणात गेली, त्यामुळे विमानतळावरून येताना माझ्या तब्येतीची चौकशी करायच्या ऐवजी ते हायवे काँक्रीटचा का केला म्हणून हळहळत होते. गाडी घरासमोर थांबली तसं त्यांनी वर पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हे डांबर आहे."

"नाही बाबा, शिंगल्स आहेत."

"डांबर आहे. मी ओळखत नाही होय?"

मी बाथरूममध्ये जाऊन गुपचूप फोनवर बघितलं. डांबरच होतं. काचेच्या तंतूंची चटई, तिला दोन्ही बाजूंनी चुनखडीची पूड मिसळलेलं डांबर आणि वर रंगीत खडीचा बारीक चुरा. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या हेन्री रेनॉल्ड्स नावाच्या गृहस्थानं 1903 च्या सुमारास डांबरी छपराच्या गुंडाळ्या कापून त्यांचे तुकडे एकावर एक चढवत ठोकले, आणि तेव्हापासून अमेरिकेतली बहुतेक मंडळी डांबराखाली झोपतात. त्यात मीही झोपत होतो, आणि दर महिन्याला त्याचा हप्ता भरत होतो.

"रस्त्याचं डांबर इथं चालायचं नाही, उन्हात ओघळेल," बाबा संध्याकाळी अंगणात उभे राहून सांगत होते. "हे हवा फुंकलेलं असणार. आपल्याकडे 85/25 म्हणतात, 85 अंशाला मऊ पडणारं." पुन्हा बाथरूम, पुन्हा फोन. बरोबर होतं. छपरासाठीचं डांबर तापवून त्यातून हवा सोडतात, म्हणजे ते उन्हाला दाद देत नाही. पंधरा वर्षं अमेरिकेत काढून मला माझ्याच घराची माहिती सोलापूरहून आलेल्या पाहुण्याकडून मिळत होती.

आईनं या चर्चेत एकच वाक्य टाकलं. "घर आतून लाकडाचं, वर डांबर. होळीच रचलीस की रे." मी तिला सांगितलं की या शिंगल्स आगीच्या चाचणीत सगळ्यात वरच्या वर्गात पास होतात. "तूही पास व्हायचास," आई म्हणाली.

एप्रिलमध्ये गारा पडल्या. उत्तर टेक्सासमध्ये त्या पडतातच. टीव्हीवरचा माणूस गारांचं माप सांगत होता: वाटाणा, मग पाव डॉलरचं नाणं, मग गोल्फचा चेंडू. आईचं माप खिडकीत समांतर चालू होतं: हरभरा, बोर, लिंबू. लिंबाला ती पातेलं घेऊन मागच्या दारात गेली. मी ओरडत होतो, गाडीचा अलार्म ओरडत होता, आणि आई ओट्यावर पडलेल्या गारा पदर सावरून वेचत होती. पातेलं भरल्यावर तिनं ते फ्रीजरमध्ये ठेवलं. विमा कंपन्या तर हेच करायला सांगतात, गारा जपून ठेवा, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. आईच्या दूरदृष्टीनं मी भारावून गेलो. दुसऱ्या दिवशी नाणं घेऊन फ्रीजर उघडला तर पातेलं रिकामं. दुपारी सगळ्यांनी कोकम सरबत प्यायलं होतं. मी दोन ग्लास.

वादळानंतर वस्तीत छपरवाले उतरतात. दारोदार फिरतात, हिरवळीत पाट्या रोवतात, "तुमचं छप्पर गेलंय" असं डॉक्टरच्या आवाजात सांगतात. टेक्सासमध्ये केस कापायला राज्याचा परवाना लागतो, छप्पर घालायला लागत नाही. त्यांतला एक हसतमुख मुलगा तर म्हणाला, "विम्यातला तुमचा वाटा आम्ही बघून घेऊ." आमचं घर चार लाख डॉलरना उतरवलेलं, गारांसाठी आमचा वाटा दोन टक्के, म्हणजे आठ हजार डॉलर. मी त्याला आत बोलावून चहा पाजायच्या बेतात होतो. बायकोनं दारातूनच त्याला विचारलं, की 2019 पासून असं करणं टेक्सासमध्ये बेकायदा आहे हे त्याला माहीत आहे का. तो हसतमुखानंच शेजारी गेला.

आता विम्याचा अ‍ॅडजस्टर येणार होता. तो येण्याआधी आपण वर जाऊन नुकसान नीट खुणावून ठेवावं, म्हणजे त्याचा वेळ वाचेल, हा विचार माझा. दुपारचं ऊन, हातात मुलीचा रस्त्यावर चित्रं काढायचा गुलाबी खडू, खाली शिडी धरून बाबा. खालून पाहताना छप्पर उताराचं वाटत नाही. वर गेल्यावर कळलं की तो उतार नसून कडा आहे. शिंगल्सवरची खडी सुटून पायाखाली रवाळ झाली होती आणि त्याखालचं डांबर उन्हानं मऊ पडलं होतं. बाबांच्या 85 अंशांवर मी फार विसंबलो होतो. तरी जमेल तेवढी वर्तुळं काढली. काळं दिसेल तिथं वर्तुळ, फुगलेलं दिसेल तिथं वर्तुळ. खाली यायची वेळ आली तेव्हा उभं राहवेना. मग बसलो, आणि बसल्या बसल्याच शिडीपर्यंत आलो. शेजारची बाई कुत्रा घेऊन निघाली होती. तिनं हात केला. मी दोन्ही हात छपराला धरून ठेवले होते, त्यामुळे मान हलवली.

अ‍ॅडजस्टर आला, शिडीवरून चालत वर गेला, जमिनीवर चालावं तसा उतारावर फिरला. प्रत्येक उतारावर त्यानं दहा फूट बाय दहा फूट असा चौकोन आखला आणि त्यातले गारांचे मार मोजले. मार म्हणजे खडी उडालेली आणि खालची चटई दबलेली जागा, बोटानं दाबली की मऊ लागते. मग तो माझ्या वर्तुळांकडे वळला.

"ही गुलाबी वर्तुळं कोणाची?"

"लहान मूल आहे घरात," मी म्हणालो. मुलगी चौदा वर्षांची आहे.

"हे गारांचं नाही, उन्हानं आलेले फोड आहेत. हे पक्ष्याचं आहे. हेही पक्ष्याचं." मग तो थोडा पुढं गेला आणि थांबला. त्यानं फोटो काढला. "आणि इथून कोणीतरी बसून घसरत खाली गेलेलं आहे. हे विम्यात येत नाही."

त्याच्या अहवालात ती ओळ आहे. छायाचित्रासह. सुदैवानं गारांचे खरे मारही पुरेसे निघाले आणि छप्पर मंजूर झालं. पण विम्याची रीत अशी, की आधी छपराच्या वयाप्रमाणे घसारा कापून पैसे देतात आणि बाकीचे काम पूर्ण झाल्यावर. आमचं छप्पर म्हातारं निघालं. मग बायकोनं तिची घरात सुप्रसिद्ध असलेली एक्सेल शीट उघडली, आणि एका रकान्यात लिहिलं डांबर, दुसऱ्यात पत्रा.

पत्र्याचा रकाना फार देखणा होता. डांबरी शिंगल्स तीस वर्षांच्या म्हणून विकतात, पण टेक्सासच्या उन्हात आणि गारांत बऱ्याचदा निम्म्या वयातच निकामी होतात. पत्रा चाळीस, पन्नास, नीट घातला तर त्याहूनही जास्त टिकतो. उन्हाची उष्णता परतवतो. गारांना टिकणारा घेतला तर विम्याच्या हप्त्यात सूट. किंमत मात्र दुपटीच्या वर, आणि विमा फक्त डांबराचे पैसे देणार, कारण गेलं ते डांबर होतं. "पन्नास वर्षं," मी म्हणालो, "एकदाच काय तो खर्च." बायकोनं माझं वय वेगळ्या रकान्यात लिहून बेरीज दाखवली. छप्पर माझ्यापेक्षा बरंच जास्त जगणार होतं.

खरा विरोध वेगळ्याच बाजूनं आला.

"पत्रा?" आई म्हणाली. "पत्र्याच्या घरात राहायला अमेरिकेत आलास?"

मी पाचवीत जाईपर्यंत आम्ही सोलापुरात एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर पत्र्याच्या खोलीत राहिलो. सोलापूरचा मे महिना ज्यानं पत्र्याखाली काढला आहे त्याला टेक्सासच्या उन्हाचं कौतुक सांगू नये. दुपारी आई आम्हाला घेऊन जिन्याखाली बसायची. वळवाचं वारं सुटलं की बाबा आणि घरमालक वर चढून पत्र्यावर दगड ठेवायचे, आणि ते दगड एरवी जिन्यात ओळीनं मांडून ठेवलेले असायचे. पुढं बाबांनी कर्ज काढून घर बांधलं. त्या घराचा स्लॅब पडला त्या रात्री आईनं गल्लीत पेढे वाटले होते. माझ्या बारावीला वाटले नाहीत. आईच्या हिशेबात माणसाची प्रगती सरळ आहे: पत्रा, मग कौलं, मग स्लॅब. मुलगा सातासमुद्रापार जाऊन दुप्पट पैसे देऊन पुन्हा पत्र्याखाली जातो, हे तिला कोणत्या तोंडानं कोणाला सांगायचं तेच कळेना.

छपरवाला नमुने घेऊन आला. दिवाणखान्यात पत्र्याचे, शिंगल्सचे तुकडे मांडले. आमचं छप्पर त्यानं अठ्ठावीस स्क्वेअर सांगितलं. बाबा चटकन म्हणाले, "अठ्ठावीस ब्रास. शंभर चौरस फुटांचा ब्रास." तेवढ्या एका गोष्टीवर त्या दोघांची जी गट्टी जमली, ती शेवटपर्यंत टिकली. मी मागं पडतोय असं पाहून गेजचा विषय काढला. त्याच्याकडे 24 गेजचा पत्रा महाग होता आणि 29 चा स्वस्त. त्याच्या चुकीचा फायदा आपण का घेऊ नये? मी ठाम आवाजात 29 ची बाजू मांडली, पन्नास वर्षांचा हिशेब मांडला, जाड पत्र्याचं महत्त्व सांगितलं. छपरवाला नम्रपणे ऐकत होता. सगळं संपल्यावर बाबा मराठीत म्हणाले, "गेज वाढला की पत्रा पातळ होतो." 24 चा अर्ध्या मिलिमीटरहून जाड, 29 चा साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. ही माहिती त्यांना सुरुवातीलाही देता आली असती. पण नोकरीतही ते वरिष्ठांना बोलून घेऊ द्यायचे म्हणे.

मग आईनं मला पुढं केलं. "त्याला विचार, वर दगड कोण ठेवणार?"

मी इंग्रजीत विचारलं. प्रश्न इंग्रजीत फार चमत्कारिक वाटतो. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान डोलावली, प्रश्न रास्त होता. छपरवाल्यानं पत्रा स्क्रूनं आणि क्लिपांनी कसा पक्का करतात ते समजावून सांगितलं. आईनं "हं" केलं, म्हणजे पटलेलं नाही.

नमुने तो आमच्याकडे ठेवून गेला. त्यांवर 'वर्ग 4' असा शिक्का होता. गारांच्या चाचणीतला हा सर्वांत वरचा वर्ग, दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात आणि माल फुटता कामा नये. हे वाचल्यावर कोणताही शोधक वृत्तीचा माणूस जे करील ते मी केलं. पोलादी गोळा नव्हता, पण आईनं सोलापूरहून खास बायकोसाठी आणलेला लोखंडी खलबत्ता होता. मागच्या हिरवळीवर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून बत्ता सोडला. पत्र्याला काही झालं नाही. त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीत असलेलं पाण्याचं स्प्रिंकलर फुटलं. पाण्याची धार थेट शेजाऱ्यांच्या कुंपणापलीकडे गेली. बाबांनी मुख्य व्हॉल्व्ह शोधून बंद करेपर्यंत हिरवळीत तळं झालं आणि त्या तळ्यात वर्ग 4 चा नमुना, एक ओरखडा न उमटता, तरंगायचा प्रयत्न करत होता. बत्ता आईनं हुडकून काढला, पदरानं पुसला आणि बॅगेत कुलपात ठेवला. स्प्रिंकलरही विम्यात येत नाही.

एवढं झाल्यावर मी पत्र्याच्या बाजूचा कट्टर झालो. उभ्या पट्ट्यांचा, शिवणी वर आलेल्या, स्क्रू लपवलेल्या 24 गेजचा राखाडी पत्रा ठरवला. अमेरिकेतल्या महागड्या बंगल्यांवर तो असतो. घराचं बाहेरचं रूप बदलायला वस्तीच्या समितीची परवानगी लागते, म्हणून अर्ज तिच्याकडे गेला. समितीत तीन माणसं आहेत आणि ती मनापासून काम करतात. उत्तर आलं, पत्रा वस्तीच्या एकूण रूपाशी विसंगत आहे. बायकोनं 2011 चा टेक्सासचा कायदा शोधला. गारांना टिकणाऱ्या, आजूबाजूच्या छपरांसारख्याच दिसणाऱ्या छपराला समितीला मनाई करता येत नाही. अडचण 'सारख्याच दिसणाऱ्या' एवढ्यापुरती होती.

छपरवाल्याकडे तेही होतं. 'स्टोन कोटेड स्टील.' पोलादी पत्रा, त्यावर जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, आणि वर चिकटवलेली रंगीत खडी, हुबेहूब डांबरी शिंगल्ससारखी. रंग, अर्थातच, विटलेलं लाकूड. म्हणजे डांबराच्या दुप्पट पैसे देऊन मी पत्रा घेणार, आणि तो डांबर दिसावा म्हणून त्यात आणखी पैसे घालणार. शिवाय विमा कंपनीनं सूट द्यायच्या आधी एका कागदावर सही घेतली, की गारांनी पत्र्याला पोचे पडले पण गळलं नाही, तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न, भरपाई नाही. मी सही केली. खडीमुळे पोचे दिसणार नाहीत, असं छपरवाला म्हणाला.

आईला मी तुकडा दाखवला. तिनं त्यावर हात फिरवला, नखानं खरवडला.

"हे काय आहे वर?"

"दगड. बारीक दगड चिकटवलेत."

"बघा," आई बाबांना म्हणाली, "मी विचारलं म्हणून ठेवले."

काम सुरू झालं त्या दिवशी बाबा सकाळीच ड्राइव्हवेवर घडीची खुर्ची टाकून बसले. टोपी, पाण्याची बाटली आणि मागं बांधलेले हात, बसूनसुद्धा. वरची मंडळी मेक्सिकोची, स्पॅनिश बोलणारी. बाबा मराठी आणि सोलापुरी हिंदी बोलत होते. मला दोन्हीकडचं सगळं नीट समजत नव्हतं आणि त्यांना मात्र काही अडत नव्हतं. जुनं डांबर दुपारपर्यंत कचऱ्याच्या मोठ्या पेटीत जाऊन पडलं. माझ्या घसरगुंडीचा भागही गेला, पुरावा म्हणून आता फक्त तो फोटो आहे. जेवणाच्या सुट्टीत आईनं सगळ्यांना थालीपीठं दिली. त्यांतला सगळ्यात वयस्क कारागीर थालीपीठ बघून म्हणाला, हे आमच्याकडेही असतं, आणि वर बोट करून मला मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कुठले?" मी सांगितलं. मग तो हसायला लागला. म्हणाला, आमच्या गावाकडे पत्र्याचं छप्पर गरिबाचं. आई म्हणते, पोरा, पैसे पाठव, पत्रा काढून सिमेंटचं छत घालू. इथं श्रीमंत माणूस मला पैसे देतो आणि म्हणतो, पत्रा घाल.

मी हे भाषांतर करून आईला सांगितलं. तिनं त्याला आणखी एक थालीपीठ वाढलं, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बघ, त्याच्या आईलाही कळतं.

संध्याकाळी लोहचुंबक लावलेला दांडा हिरवळीवरून फिरवून त्यांनी खिळे गोळा केले. राहिलेले दोन माझ्या गाडीच्या टायरनं गोळा केले.

पहिला पाऊस आला तो रात्री. मी खास उठून वरच्या खोलीत जाऊन बसलो. काही म्हणा, पत्र्यावरचा पाऊस म्हणजे पत्र्यावरचा पाऊस, त्या एका गोष्टीसाठी सोलापूरची खोली मला अजून आठवते. इथं काहीच ऐकू येईना. खाली प्लायवूडसारख्या फळ्या, त्यावर जाड कापड, खाली माळ्यावर इन्सुलेशन, आणि पत्र्यावर ते दगड. एवढ्या थरांतून पाऊस खाली यायचा म्हणजे त्याला ई-मेलच करावी लागेल. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "वाजत नाही." ती म्हणाली, "न वाजण्यासाठीच पैसे दिलेत," आणि दिवा घालवला.

आईची पंचाईत मात्र शिल्लक होती. मावशीचा रविवारी फोन येतो, आणि घराचं छप्पर बदलतंय ही बातमी बाबांनी आधीच काकांना देऊन ठेवली होती. पत्रा म्हणावं तर नाक कापलं जातं. डांबर म्हणावं तर मावशी विचारणार, रस्त्यावरचं? त्या रविवारी मी शेजारच्या खोलीत होतो. आई फोन घेऊन अंगणात गेली, कॅमेरा छपराकडे केला, थोडा वेळ शांतता होती.

"स्लॅब टाकला गं त्यानं," आईचा आवाज आला. "नाही नाही, वरून तसं दिसतं. आत स्लॅबच आहे. आणि वर दगड."

मग आत येऊन मला म्हणाली, "मावशीकडे पेढे पाठवावे लागतील. स्लॅब म्हटल्यावर पाठवायला नकोत?" सोलापुरात घरपोच पेढे पोचवणारा माणूस मी फोनवर शोधून काढला. मावशीकडे, काकांकडे, जुन्या घरमालकांच्या मुलाकडे आणि गल्लीतल्या दोघींकडे. तेही विम्यात येत नाहीत.